बाबांच्या बोटाने काढलेला 'र'

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसून गप्प करत आलेय. आमच्या घरात अंगारे-धुपारे, भूतखेत कधी चाललंच नाही. बाबा रिटायर्ड शिक्षक, मीही शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे हे लिहिताना अवघडच वाटतंय...

आम्ही अल्लीपूरचे. मागच्या उन्हाळ्यात बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवा हात पार लुळा पडला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी एक उपचार सुचवला — डोक्यावर ओल्या स्पंजच्या दोन पट्ट्या लावून अगदी सौम्य करंट द्यायचा. ऑपरेशन नाही, सुई नाही. हात हलवणारा मेंदूचा भाग त्याने जरा जागा होतो म्हणे. "गुण येईलच असं नाही," हेही त्यांनी सांगितलं.

उपचार सुरू झाल्यावर एका सकाळी मशीन चालू होतं. मी बाबांच्या शेजारी त्यांचा लुळा हात हातात घेऊन बसले होते. एकदम त्यांची तर्जनी हलली. मी डॉक्टरांना हाक मारणार, तेवढ्यात जाणवलं — बोट माझ्या तळव्यावर 'र' काढत होतं. उलटा 'र'. पुन्हा पुन्हा.

तो 'र' मी ओळखला. माझी आई निरक्षर होती. मास्तरची बायको असून लिहिता येत नाही, याची तिला फार लाज. बाबा बाहेरगावी नोकरीला असताना ती माझ्याकडून गुपचूप अक्षरं शिकायची, अंथरुणात माझ्या तळव्यावर गिरवायची. पहिलं अक्षर माझ्या नावाचं, रजनीचा 'र'. तो तिचा शेवटपर्यंत उलटाच पडायचा. "तुह्या बाबाले सांगू नको," म्हणायची. ती गेली, तरी मी सांगितलं नाही.

"बाबा, काय लिहून राह्यले तुमी?"

"मी कुठं लिहून राह्यलो? हात तर मले जाणवतच नाई."

मशीन बंद झालं. बोटही थांबलं.

डॉक्टर म्हणाले, स्नायू असे आपोआप हलतात, समोरून पाहिल्यामुळे अक्षर उलटं वाटलं असेल. पण मी समोर नव्हते, शेजारी होते... आईचं मात्र मी त्यांनाही सांगितलं नाही.

पुढे हात सुधारत गेला. बाबा आता शर्टाची बटणं लावतात, सही करतात. बोट तसं परत कधी हललं नाही.

परवा चहा घेताना त्यांनी विचारलं, "रजनी, तुह्या मायले लिहता येत होतं काय?"

"काऊन बाबा?"

"असंच..." म्हणाले, आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले.

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. बाबांना काय सांगावं, तेही नाही.