गाणं बंद कर म्हणला

मालकानं माझ्या कमरेचा मोबाईल हिसकावला आन् शेततळ्यात भिरकावला. गाणं चालूच व्हतं. डुबुक झालं आन् बंद पडलं.

"कामाला येता का तमाशा करायला? मजुरानं खाली मान घालून घास कापायचा. गाणी पायजेत म्हणं महाराणीला!"

माझी जाऊ हिराबाई शेजारीच व्हती. ती खाली बघत राहिली. मीबी. त्याच्या तोंडावर थुंकले न्हाई, याची अजून लाज वाटते.

आमी मढच्या वरल्या वाडीतल्या. भात झोडून झालं की खाली पिंपरी पेंढारला बागायतीत कामाला येतो. हितं उसात बिबट्या. उसाला लागूनच जनावरांचा घास. वाकलेली बाई त्याला शेरडागत दिसते. आवाज असला की तो लांब ऱ्हातो. म्हणून मोबाईल कमरेला खोचायचा, गाणं मोठ्यानं लावायचं, मग विळा चालवायचा. हौस कसली डोंबलाची! जिवासाठी लावायचो.

मजुरीबी मोबाईलवरच यायची. हातात नोट द्यायचं मालकानंच बंद केलं व्हतं. कोंबड्या विकून मी तो मोबाईल घेतला. बिबट्या कुठं दिसला, लाईट कधी येणार, समदं गावाच्या ग्रुपवर यायचं. मी एकदा म्हणले, "मालक, मलाबी घ्या की ग्रुपात." तर म्हणला, "ग्रुप गावाचा हाय. तुमचा न्हाई." पैसे टाकायला माझा मोबाईल चालायचा, जीव राखायला न्हाई!

त्यानंतर तिसरा दिवस. सकाळी गेलो तर साखळीला मालकाचं कुत्रं नव्हतं. रोज आमच्या अंगावर भुंकायचं. मला वाटलं, आजारी असंल. तिथंच चुकले.

घास कापत व्हतो. गाणं न्हाई, बोलणं न्हाई. हिराबाई किंचाळली आन् मधीच आवाज तुटला. बिबट्यानं तिची मान धरली व्हती. उसाकडं ओढत व्हता. मी धावले. विळा घातला. त्याच्या नाकाडावर. परत घातला. तिसऱ्यांदा घातला तेव्हा हातावर गरम रगत आलं. सोडलं त्यानं. उसात घुसला. हिराबाईच्या डोक्याची कातडी कानावर लोंबत व्हती. मी पदर दाबून धरला, तर पदर भिजून गेला.

मालक धावत आला. मागनं त्याची म्हातारी आई. आन् घरातनं कुत्र्याचं भुंकणं.

"कुत्रं आत कसं?" मी विचारलं.

म्हातारी साधेपणानं बोलून गेली, "सकाळीच ग्रुपवर आलं व्हतं ना बाई, आपल्या उसात बिबट्या दिसला म्हणून. ह्यानंच कुत्र्याला आत घेतलं."

मालकानं आईकडं डोळे वटारले. कुत्रं आत घेतलं, आन् आमाला उसाकडं धाडलं!

तो हळूच म्हणला, "बोभाटा करू नको. आत्ता तुझ्या मोबाईलवर पैसे टाकतो."

"मोबाईल तुझ्या तळ्यात हाय. उतर आन् काढ."

जन्मात पयल्यांदा त्याला अरेतुरे केलं. त्यानं हात उगारला. मी विळा उगारला. बिबट्याचं रगत अजून वाळलं नव्हतं. ते त्याला दिसलं. हात तसाच खाली आला.

"गाडी काढ," मी म्हणले. काढली. त्याच्या पांढऱ्या सीटवर हिराबाईला आडवी टाकली आन् दवाखान्यात नेली.

ती वाचली. पण मान वळत न्हाई. कोणी हाक मारली की अख्खी फिरते.

मी जुना का हुईना, दुसरा मोबाईल घेतला. वाडीच्या बायांचा ग्रुप काढला. आता शेतात पाय ठेवायच्या आधी आमी मालकाला बांधावर थांबवतो. "ग्रुपवर काय आलंय ते दाखवा." दाखवलं न्हाई तर समद्या बाया बांधावरच बसतो. घास वाळू दे, न्हाईतर म्हशी हंबरू दे. मालक दाखवतो आता मुकाट्यानं. आन् गाणं बाईगणिक वाजतं, पार रस्त्यापर्यंत ऐकू जातं.

घास कापायला मी वाकते. तेवढ्यालाच वाकते. विळ्याला रोज सकाळी धार लावते. कमरेच्या मोबाईलकडं परत हात आला, तर तो पंजा बिबट्याचा का मालकाचा, हे मी बघत बसणार न्हाई.