कॅमेऱ्यासमोर टेकलेला गुडघा

बेल्मिरो फरशा बसवायचा. पोर्तुगालच्या ब्रागा शहरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांच्या जमिनी त्याने गुडघ्यांवर रांगत घातल्या आणि पन्नाशीत उजव्या गुडघ्यातली कूर्चा पार झिजवून घेतली. आमच्या इस्पितळात डॉक्टर विल्हेनांनी त्याच्याच कूर्चेतल्या पेशी काढून वाढवल्या, जेलीत कालवून यंत्रावर थरावर थर छापल्या आणि तयार झालेलं ठिगळ गुडघ्यात बसवलं. मी तिथे रुग्णांकडून व्यायाम करून घेते. ठिगळ रुजेपर्यंत गुडघ्यावर भार द्यायचा नाही, हे मी त्याला रोज बजावत होते.

बजावून उपयोग काय? हा कॉफीच्या दुकानात पँट वर करून व्रण दाखवत बसायचा. "हात लावून बघ. तुमचे गुडघे जुनेपाने, माझा ताजा छापलाय."

विल्हेना त्याच्याही वरताण. टीव्हीवाले आले त्या दिवशी ते नवा टाय लावून आले आणि कुठून तरी फरशाही मागवल्या.

"बेल्मिरो, गुडघा टेकून एक फरशी बसवून दाखव. नुसतं चालायचं काय, कुणीही चालतं."

"डॉक्टर, इतक्यात भार नको," मी म्हणाले.

"तुम्ही तुमचे व्यायाम बघा."

बेल्मिरोने केस सारखे केले, गुडघा टेकला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. उठताना मात्र पांढराफटक पडला. ठिगळ सुटलं होतं.

बातमी झकास लागली. गुडघा सुजून भोपळा झाला तेव्हा विल्हेना निर्लज्जपणे म्हणाले, "रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत."

बेल्मिरोची बायको कुस्तोदिया मासळी विकते. ती बाजारातून तशीच विल्हेनांच्या खोलीत घुसली.

"टेक म्हणून कोण सांगत होतं, ते अख्ख्या गावाने टीव्हीवर ऐकलंय. पुन्हा बसवा. आणि ह्या खेपेला तुम्ही हात लावायचा नाही." मग तिथेच बसलेल्या नवऱ्याकडे वळली. "आणि तू रे? मला मागणी घालताना उभ्या-उभ्या घातलीस. टीव्हीवाल्यांसमोर बरा गुडघा टेकलास."

राखून ठेवलेल्या पेशींतून दुसरं ठिगळ छापलं आणि एका तरुण डॉक्टरणीने ते गाजावाजा न करता बसवलं. ते रुजलं. बेल्मिरो आता जिने चढतो, फरशांच्या दुकानात उभ्याने फरशा कापतो आणि टीव्हीवाल्यांनी आपला घात केला म्हणून सांगत फिरतो. स्वतःच्या हसण्याबद्दल अवाक्षर नाही.

विल्हेनांना पहिल्या ठिगळाबद्दल पदक मिळालं. समारंभाला बेल्मिरोलाही बोलावणं होतं. कुस्तोदियाने जाऊ दिलं नाही. हा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसला होता.