दह्याने जोडलेली खुर्ची

आमच्या घरी तयार होणाऱ्या खुर्चीला तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत सगळे 'वाकडी खुर्ची' म्हणत. ह्यांना ते नाव मुळीच आवडत नसे. लाकूड तासून वाकडं केलेलं नाही, कागदासारखे पातळ सात पदर एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून त्याला वळण दिलंय, असं हे ज्याला त्याला समजावत. ऐकणारा मान डोलवी आणि जाताना म्हणे, "बरी आहे हो तुमची वाकडी खुर्ची."

हे सरकारी कचेरीत नकाशे काढत. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी अशा खुर्चीचं चित्र पाहिलं आणि त्या दिवसापासून जेवताना पानाचा देठसुद्धा वाकवून बघू लागले. शेवटी लांब रजा घेतली, मागच्या पडवीत साचा मांडला, एक म्हातारा सुतार बोलावला. माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू, त्यांनी एकच अट घातली.

"पोंगलच्या आत कुणीतरी खुर्च्या मागितल्या पाहिजेत. नाहीतर कचेरीत हजर व्हायचं आणि बदली होईल तिथे जायचं."

बदली रामनाथपुरमला होणार, हे कचेरीतल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. तिकडचं पाणी खारं असं मी ऐकून होते. पण पाण्यापेक्षा मला ह्यांची काळजी वाटली. हे "बरं" म्हणाले, पण साच्यावरचा हात काही काढेनात.

पदर चिकटवायचे कशाने, इथेच पहिलं घोडं अडलं. सुतार म्हणाला, "सरस आणतो, अम्मा. कातडं उकळून करतात तो. दगडासारखा धरतो."

सासूबाईंनी ते ऐकलं. "कातडं? ह्या घरात?"

"मागच्या पडवीत ग, आई," हे म्हणाले.

"पडवी काय दुसऱ्या गावात आहे?"

कातड्याचा सरस बारगळला. मग ह्यांनी कुठल्या पुस्तकातून दुधाचा सरस शोधून काढला. साय अगदी काढून टाकलेल्या दुधाचं दही लावायचं, त्यातलं पाणी निथळायचं, चक्का धुऊन घ्यायचा आणि त्यात चुना घोटायचा. चुना मामंजींच्या पानाच्या डब्यातला. हे काम माझ्याकडे आलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. एरवी मला कुणी काही विचारत नसे. आता मात्र सुतार चौकटीशी येऊन विचारी, "आळला का, अम्मा?" मी आतून म्हणे, "आळला." दिवसभरातलं माझं बाहेरच्या माणसाशी बोलणं तेवढंच, पण ते मला फार आवडे. माझ्या सरसाने जोडलेल्या तुकड्यांवर हे मुसळ मारून बघत. तुकडे हलत नसत.

पोंगल दोन आठवड्यांवर आला आणि ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंचा निरोप आला, शिक्षिकांच्या खोलीसाठी खुर्ची पाहायला येते. नेमकी त्याच वेळी मी बाहेरची झाले. तीन दिवस कोपऱ्यातल्या खोलीत, कशाला हात लावायचा नाही. सरसाचं काम सासूबाईंनी घेतलं.

"त्यात काय शिकायचं? दही ते दही."

मी दाराच्या फटीतून बघत होते. त्यांनी साय काढलेल्या दुधाचं भांडं उचललं, वाकवून पाहिलं, नाक मुरडलं आणि बाजूला ठेवलं. मग शिंक्यावरून सायीच्या घट्ट दह्याची बरणी काढली आणि चक्का बांधायच्या फडक्यात ओतली. मला बोलायला हवं होतं. 'अत्या, साय नको,' सासूबाईंना सांगायचे एवढेच शब्द. ते जिभेवर आले आणि तिथेच बसले. सासूबाईंना दह्यातलं शिकवणारी सून त्या गल्लीत अजून जन्मली नव्हती.

बाई आल्या तो माझा चौथा दिवस. मी न्हाऊन स्वैंपाकघराच्या दाराआड उभी होते. बाई चांगल्या अंगापिंडाच्या, हातात छत्री. खुर्चीभोवती फिरल्या, पाठीवरून हात फिरवला. "सुंदर आहे," म्हणाल्या आणि कॉफीचा पेला घेऊन बसल्या. घटकाभर सगळं नीट चाललं. मग, आपल्याकडे बसतात तसा, त्यांनी एक पाय वर घेतला.

आवाजसुद्धा मोठा झाला नाही. केळीच्या खांबाचे पदर सुटावेत तसे सातही पदर एकेक करून सुटले आणि बाई सावकाश खाली आल्या. पेल्यातली कॉफी सांडली नाही.

मामंजी एकच शब्द बोलले. "रामनाथपुरम."

"साचा चुकला," हे म्हणाले.

"साचा नाही, लाकूड ओलं," सुतार म्हणाला.

बाईंनी छत्री उचलली. ह्यांचा चेहरा मला फटीतून दिसला आणि काय झालं कोण जाणे, दाराआडून माझा आवाज बाहेर पडला.

"साय."

"काय?" मामंजींनी विचारलं. मी त्यांच्याशी आजवर कधी बोलले नव्हते.

"सरसात सायीचं दही पडलं. लोणी आणि चुना मिळून साबण होतो. पदर धरत नाहीत. मी पाहिलं होतं. बोलले नाही."

सासूबाई ताठ झाल्या. "घातलं! मीच घातलं. ह्या घरात पाहुण्यासाठी पातळ दही अजून कुणी काढलेलं नाही."

"आई, ते वाढायचं नव्हतं ग!"

"त्यावर बसणार कोण होतं? पाहुणीच ना?"

बाई इतक्या हसल्या की छत्री खाली पडली. "लाकडालाही सायीचं दही! तंजावूरचं घर बाई!" मग दाराकडे वळून म्हणाल्या, "आत कोण आहे? तुझ्या हातच्या सरसाची एक खुर्ची बघेन. फक्त एक."

पुढचे दिवस मी दुधावर पहारा केला. सासूबाई भांड्याकडे पाठ करून बसत आणि भिंतीला सांगत, "घाला, साय काढलेलं निळं पाणी घाला. आपल्याला काय?"

पोंगलच्या दोन दिवस आधी, भोगीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, बाई पुन्हा आल्या. बसल्या. एक पाय वर घेतला. मग दुसरा. छान मांडी घातली आणि शाळेतल्या गोष्टी सांगू लागल्या.

"तुम्ही सगळे खुर्चीच्या पायांकडे का बघताय?" त्यांनी विचारलं.

"बघत नाही," सगळे एकदम म्हणाले.

त्यांनी दुसरी कॉफी मागितली, तीही वरच बसून संपवली. मग म्हणाल्या, "शिक्षिकांच्या खोलीपुरत्या सगळ्या करा. पण बैठक चार बोटं जास्त रुंद हवी. माझे गुडघे बाहेर लोंबतात." ह्यांनी मासिकातल्या त्या चित्राबाहेर एक रेघ कधी काढली नव्हती, पण तेव्हा लगेच हो म्हणाले. पुढे आमच्या जेवढ्या खुर्च्या झाल्या त्या सगळ्या मांडी घालण्याइतक्या रुंदच झाल्या आणि लोकांनी त्या त्यासाठीच नेल्या.

बाई गेल्यावर ह्यांनी नोकरी सोडण्याचा अर्ज लिहिला. मामंजींनी चष्मा लावून वाचला, इंग्रजीतल्या दोन चुका काढल्या, पुन्हा लिहायला लावला. दुसरी प्रत वाचून घडी घातली आणि परत दिली.

"दीड ते तीन राहुकाळ आहे. तीन वाजल्याशिवाय टपालपेटीत टाकू नकोस."

हे पावणेतीनपासूनच चपला घालून दारात उभे होते.