मोटर किती एचपीची?

माझ्या लाडक्यांनो, तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाने मला चारचौघांत जितकं ओशाळं केलं, तितकं या जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल. मेहकरकडच्या आपल्या गावात भाऊजी गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच ध्यास लागला, पुढे आपल्या शेतीला वीज किती लागेल. कुणाकडे मुलगा झाला की पेढा तोंडात टाकण्याआधी म्हणणार, "म्हणजे एक बोअर वाढली." उन्हाळी भुईमूग दिसला की चेहरा पडे, कोरडवाहू तूर दिसली की खुले. खामगावला तुमच्या आत्याच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना रामराम करायच्या आधी विचारलं, "मोटर किती एचपीची?" ते बिचारे म्हणाले, "पाचची." "अन् पोरं दोन. उद्या वाटण्या झाल्या का दोन विहिरी, दोन मोटरी. दहा धरतो." साखरपुड्यात वाटण्या! मी पदराआड तोंड लपवलं. तुमची आत्या अजून हसते, मला अजून हसू येत नाही.

मागे गावात नवी डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, बसायची होती. ती केवढी हवी, हे सरपंचांनी भाऊजींनाच ठरवायला सांगितलं. ते विहिरीविहिरीवर फिरले. आता आपल्याकडे पंपाचं बिल एचपीवर येतं, म्हणून विहिरीत साडेसातची मोटर असली तरी सांगायची तीनचीच, ही रीत. मी तसं म्हटलं, तर ते चिडले. "वहिनी, बिलवाल्याले सांगतीन खोटं. म्या पाढे शिकवले त्याहिले, मले काऊन सांगतीन?"

त्यांनाही जवळजवळ सगळ्यांनी तीनच सांगितले. डीपी आली ती त्या हिशेबाची. हरभऱ्याचे घाटे भरत असताना साऱ्या मोटरी एकदम सुरू झाल्या आणि ती जळाली. दुसरी मिळेपर्यंत हरभरा उभा वाळला. "मास्तरचं गणितच कच्चं निंघालं बे!" पारावर कुणीतरी ओरडला, आणि त्याचीच मोटर साडेसातची. भाऊजींनी घराबाहेर पडणं सोडलं. मी चहा घेऊन गेले, तर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले. "लाज वाटून राह्यली, वहिनी. कोणाची, ते नका इचारू."

मग एकेक जण येऊ लागला. अंगणात उभा राहून, पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणे, "सर, माही साडेसातची हाय." भाऊजी त्याच्याहून जास्त ओशाळत. "चाहा घे बापू," एवढंच बोलत.

शेवटी शेजारच्या शेतातली शांताबाई आली. तिने एकटीने खरं सांगितलं होतं, आणि तिचाही हरभरा गेला होता. भाऊजी उठून उभे राहिले. "बाई, तू खरं बोलली, अन् तुलेबी म्या बुडवलं."

"तुम्ही कायले बुडवता? पुन्हा फिरा, पुन्हा इचारा."

"आता कोणाच्या तोंडाकडे पाहून इचारू?"

"माह्यापासून सुरू करा," ती म्हणाली.

सध्या ते पुन्हा फिरत आहेत, पहिली विहीर शांताबाईची. पण पुढे प्रत्येक विहिरीवर आकडा विचारला की ते समोरच्या माणसाकडे बघत नाहीत, दूर रानाकडे बघत उभे राहतात. त्याला खरं सांगणं सोपं जावं म्हणून.