आईचं द्राक्षासव

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलासुद्धा नाही. काल आईला सांगितलं. आज जीभ सैल आहे, तर तुम्हालाही सांगून टाकतो.

शिकागोत मी दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा पकडलो गेलो. कोर्टाने तुरुंगाऐवजी प्रोबेशन दिलं आणि घोट्याला एक पट्टा. घामातून दारू हुंगणारा. प्यायलो की प्रोबेशन ऑफिसरला कळणार, आणि मग थेट आत. एवढं साधं गणित — इंजिनिअर माणसाला तेही सुटू नये?

आई तेव्हा पुण्याहून आली होती, माझी काळजी घ्यायला. येताना तिने बॅगेतून द्राक्षासव आणलं. जेवणानंतर दोन चमचे, कोमट पाण्यातून. पोराची भूक मेलीय, म्हणे. ती कशाने मेली, ते तिला कसं कळावं?

एका दुपारी ती देवळात गेली आणि मी गराजमध्ये व्हिस्की प्यायलो. का? मिळाली म्हणून. पट्ट्याने चुगली केली, ऑफिसरने बोलावलं. आणि मी — काय सांगू — आईच्या हातात ती द्राक्षासवाची बाटली देऊन तिलाच सोबत नेलं. आसवात दारू असते, त्यानेच घोळ झाला, असं वाटेत टॅक्सीत पटवलं.

ती मराठीत बोलली, इंग्रजी मी केलं. "साहेब, चूक माझी. पोराला काही करू नका." हात जोडलेले. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. दोन चमच्यांनी पट्टा बोंबलत नाही, हे ऑफिसरला कळलं असावं. पण तिच्याकडे बघून त्याने ताकीद देऊन सोडलं. करून सवरून मी नामानिराळा.

पुढे दारू सुटली, पट्टाही निघाला. पुण्याला परतल्यावर आईने मात्र कानाला खडा लावला. सोसायटीतल्या पोराटोरांना काढे-चाटण देणारी बाई — कुणाला हळदीचं दूध सुचवायलाही घाबरू लागली. माझ्या औषधापायी मुलगा तुरुंगात जात होता, असं शेजारणींना सांगायची. मी फोनवर ते ऐकायचो. गप्प राहायचो.

काल फोनवर ती खोकत होती. काढा का नाही घेतलास, विचारलं. "नको रे, माझ्या हाताला गुण नाही."

मग सांगितलं. गराज, व्हिस्की, टॅक्सी — सगळं. छातीवरचा धोंडा उतरला. हो, बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं, आता शिव्या घालेल.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं तर," म्हणाली. पुन्हा एकदा तेच म्हणाली.