जाळं पुरं झालं का आलोच

भामरागडहून निघालो तेव्हा पर्लकोटा नदी बसमागे वळणापर्यंत धावत आली. खोटं वाटलं तर नदीला विचारा. माणसांपैकी पोचवायला आला तो एकटा तुळशीराम, माझा नावेतला जोडीदार. माझी बायको गेल्यावर लेकाने बल्लारपूरला चला म्हणून धोशा लावला होता. अर्धं विणलेलं जाळं माझ्या पिशवीत कोंबत तुळशीराम म्हणाला, "एकट्याले नाव नाई आवरत मले. कधी येशील?"

"जाळं पुरं झालं का आलोच."

लेकाच्या दोन खोल्यांत पंख्याशिवाय काही हलत नाही. मी गॅलरीत इतक्या येरझारा घातल्या की फरशीत ओढा पडला. आगगाडीची शिट्टी झाली की पाय आपोआप चपलेत. सून म्हणे, "मामाजी, बसा ना जरा." बसलो, तर खुर्ची चालू लागली.

शेवटी जाळं घेऊन खाली कडुनिंबाखाली गेलो. माजरीच्या कोळसा खाणीतून रिटायर होऊन लेकीकडे राहायला आलेले मेश्रामभाऊ तिथे उगाच उभे होते.

"काऊन भाऊ, मच्छर धरून राह्यले का?"

"मच्छर लहान पडते. तुमच्यासाठीच विणून राह्यलो. बसा."

बसले. मग आणखी दोघे आले, तेही मुलांमागे गाव सोडून आलेले. आता रोज संध्याकाळी चौघांच्या हातात जाळ्याचं एकेक टोक आणि तोंडात माझ्या गोष्टी. सोमवारी हातभर असलेली माझ्या गोष्टीतली मरळ मासळी शनिवारी नावेएवढी होते. मेश्रामभाऊ म्हणतात, "थोडी कापा भाऊ, जाळ्यात मावून नाई राह्यली."

त्यांनी मारलेल्या गाठींतून म्हैस पार होईल. म्हणून घरी येऊन मी त्या उसवायचो. जाळं पुरं व्हायला हातभर राहिलं, तेव्हा एकदा बघतो तर बोटं माझ्याच गाठी सोडवत होती. चांगल्या, घट्ट, पाण्यात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या.

तुळशीरामचा फोन आला. "झालं का?"

"थोडंसंच राह्यलं."

तो म्हणाला, "तुह्या लबाड्या ऐकत म्हतारा झालो मी. उसवून राह्यला ना तू?"

जन्मात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.

"उसव," तो म्हणाला. "पण नाव काई मी विकून नाई राह्यलो."

गावाकडच्यांनो, घर कुठे म्हणून विचारता. गाडीची शिट्टी अजून होते, पाय अजून चपलेत शिरतात. जिना उतरेपर्यंत त्यांचं ठरत नाही, बसस्टँड की कडुनिंब.