x² ची जागा

हे सांगणं मी अनेक वर्षं टाळलं.

मूल गावच्या शाळेत मी आणि माझा एक सहकारी, आम्ही दोघं गणित शिकवायचो. बहुपदींच्या भागाकारात जो घात नसेल, तिथे तो फळ्यावर अंगठा दाबून म्हणायचा, "इथी x² नाई, तरी त्याले जागा द्या. नाई तं मागचा येऊन बसते."

सहामाहीची उत्तरसूची मी घाईत केली आणि तीच जागा सोडायला विसरलो.

"भाऊ, उत्तर चुकलं ना?" पेपर तपासताना त्याने विचारलं.

"सूचीत हाये तसंच तपास," मी दरडावलं.

बरोबर उत्तरांचे गुण कापले गेले, दोन मुली नापास झाल्या. मुख्याध्यापकांनी जाब विचारला तेव्हा मी गप्प राहिलो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "पेपर मीच तपासले," म्हणाला. त्याची बदली पार जंगलातल्या शाळेवर झाली.

अजूनही बाजारात भेटला की तो तब्येत विचारतो. "बरी हाये," एवढंच तोंडून निघतं. "चूक माझी होती, माफ कर," हे नाही.